सिग्नल डेस्कटॉपला अ‍ॅपआर्मर प्रोफाइल लावताना: देवगडच्या एका संस्थेतला जून-जुलै

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार संस्थेच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे आणि सगळं त्याच्यावरच आहे. सभासदांचे सातबारे, आठ-अ, पासबुकाच्या पहिल्या पानाचे स्कॅन, फळपीक विम्यासाठी गोळा केलेली आधारकार्डं. आणि त्याच लॉगिनमध्ये सिग्नल डेस्कटॉप, म्हणजे सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपची कॉम्प्युटरवरची आवृत्ती, ज्याच्यावर पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं पेटीचा रेट विचारतात आणि कोणीही कसलीही पीडीएफ पाठवतं. ९ जून २०२५ ला ऑडिटर आले, दोन तास वह्या बघितल्या, मग कॉम्प्युटर बघितला आणि शेरा लिहिला की सभासदांची वैयक्तिक कागदपत्रं आणि बाहेरच्या लोकांचे मेसेज एकाच ठिकाणी उघडले जातात, योग्य तो उपाय करावा. म्हणजे दोषदुरुस्तीच्या ओ फॉर्ममध्ये याचं उत्तर लिहावं लागणार. सचिवकाकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरातलो मां, बघ काय ता." मी लिनक्स सर्व्हरची कामं करतो, पावसाळ्यात घरूनच, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

आधी हे सांगतो की तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर घ्यायची सोय असेल तर सरळ तो घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. वेगळं लॉगिन हा पण चांगला उपाय आहे, पण आमच्या ऑफिसात एकच ताई आहेत, सीझनला त्या पावती फाडतात, फोन घेतात, मेसेज बघतात, सगळं एकटीने, त्या दर पाच मिनिटांनी लॉगिन बदलणार नाहीत आणि त्यांनी बदलावं अशी अपेक्षा करणं पण चूकच. मग उरलं ते मॅन्डेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल.

साध्या परमिशनमध्ये काय होतं, ताईंच्या लॉगिनने चालणारा कुठलाही प्रोग्राम ताईंच्या सगळ्या फाइली वाचू शकतो. मेसेजिंग अ‍ॅपला सातबाऱ्याच्या फोल्डरशी काही घेणंदेणं नाही, पण त्याला कोणी अडवत पण नाही. मॅन्डेटरीमध्ये कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, स्वतः बघतो की या प्रोग्रामला काय काय उघडायची परवानगी आहे, आणि ती यादी अ‍ॅडमिनने लिहिलेली असते, ताई किंवा अ‍ॅप ती सैल करू शकत नाही. लिनक्सवर यासाठी मुख्य दोन गोष्टी आहेत. एसईलिनक्स, जे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली खुलं केलं आणि फेडोरा, रेड हॅटवर असतं, आणि अ‍ॅपआर्मर, जे इम्युनिक्स कंपनीचं, मग २००५ मध्ये नॉव्हेलकडे गेलं, नंतर कॅनॉनिकलने सांभाळलं आणि २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आलं. एसईलिनक्स प्रत्येक फाइलला लेबल लावून त्यावर चालतं, अ‍ॅपआर्मर फाइलच्या पाथवर, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे त्यावर, आणि एका प्रोग्रामच्या परवानग्यांच्या यादीला त्यात प्रोफाइल म्हणतात. ऑफिसात उबुंटू २४.०४ आहे, त्यात अ‍ॅपआर्मर आधीच चालू असतं, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नव्हता, आणि पाथवर चालणारी पॉलिसी दुसऱ्याला वाचून दाखवता येते हा मोठा फायदा. सचिवकाकांना "या फोल्डरला बंदी" हे समजतं, लेबलं समजावत बसलो असतो तर पाऊस संपला असता.

आता संस्था म्हटलं की ठराव आला. कॉम्प्युटरला हात लावायचा तर मासिक सभेत विषय घ्यावा लागतो. १६ जूनला सभा झाली, अर्धा वेळ पेटीच्या पुठ्ठ्याच्या भावावर गेला, शेवटी आमचा विषय निघाला, बॅकअपसाठी एक्सटर्नल ड्राइव्हला पाच हजारांपर्यंत मंजुरी मिळाली. ड्राइव्ह कणकवलीहून आणला, ४,२०० रुपये, बिल संस्थेच्या नावावर घ्यायला विसरू नका, नंतर व्हाउचरला अडतं. बाकी सॉफ्टवेअर सगळं फुकट. एकूण खर्च तेवढाच आणि माझं पेट्रोल.

बॅकअपबद्दल एक गोष्ट. सिग्नलचा डेटा होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगच्या आत सिग्नल नावाच्या फोल्डरमध्ये असतो, पण नुसता तो कॉपी करून भागत नाही. २०२४ पासून त्या डेटाबेसची किल्ली सिस्टमच्या कीरिंगच्या, म्हणजे पासवर्ड ठेवायच्या तिजोरीच्या, मदतीने लॉक करून ठेवतात, त्यामुळे डॉट-लोकल, शेअर, कीरिंग्ज हा फोल्डर पण सोबत घ्या. दोन्ही घेतले तरच त्या बॅकअपला अर्थ आहे.

मग बसलो. अ‍ॅपआर्मर-युटिल्स आणि ऑडिट-डी ही दोन पॅकेजं टाकली. ऑडिट-डी नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये एकदम खूप ओळी आल्या की काही गाळल्या जातात, आणि नेमकी हवी ती ओळ गेलेली असते. कुठली प्रोफाइलं लागलीत ते दाखवणारं एए-स्टेटस चालवलं, कमांड अर्थात टाइप करताना इंग्रजी अक्षरात, तर त्या यादीत सिग्नल-डेस्कटॉप आधीच दिसलं. सचिवकाका मागे उभे होते, म्हणाले झालं की मग, आहेच ना. नाही झालं. उबुंटू २४.०४ मध्ये साध्या युजरच्या प्रोग्रामला यूजर नेमस्पेस, म्हणजे कर्नलमधला स्वतःपुरता वेगळा कप्पा, वापरण्यावर बंधन आहे, आणि क्रोमियमवर बांधलेल्या अ‍ॅपांना स्वतःच्या सँडबॉक्ससाठी, म्हणजे आपलेच भाग आतल्या आत कोंडून ठेवायला, तीच लागते, म्हणून उबुंटूने अशा बऱ्याच अ‍ॅपांसाठी एक छोटी फाइल आधीच देऊन ठेवलीय. तिच्यात फ्लॅग असतो अनकन्फाइन्ड आणि नियम एकच, यूजरएनएस. म्हणजे नाव प्रोफाइलचं पण बंधन काहीच नाही. एए-स्टेटसमध्ये नाव दिसतंय म्हणून निश्चिंत होऊ नका, ते कुठल्या मोडच्या खाली दिसतंय ते वाचा.

ती फाइल मी तशीच ठेवली, डिसेबल नावाच्या फोल्डरमध्ये तिची लिंक टाकून बंद केली आणि आपली वेगळ्या नावाची फाइल अ‍ॅपआर्मर-डॉट-डी फोल्डरमध्ये बनवली. मूळ फाइल बदलली असती तर पुढे पॅकेज अपडेट होताना "तुमची ठेवू की नवीन टाकू" हा प्रश्न ताईंच्या समोर आला असता. आपल्या फाइलमध्ये यूजरएनएस ही ओळ मात्र ठेवावीच लागते, नाहीतर अ‍ॅपचा सँडबॉक्स बसत नाही.

कोणी विचारेल की सिग्नलचं स्नॅप, म्हणजे उबुंटूचं बंदिस्त पॅकेज, का नाही घेतलं, त्याला तर प्रोफाइल आयतं मिळतं. बरोबर, पण स्नॅपच्या होम इंटरफेसमध्ये होममधल्या लपवलेल्या नसलेल्या सगळ्या फाइली खुल्या असतात आणि उबुंटूवर तो आपोआप जोडला जातो. आमचे सातबारे तिथेच आहेत. ज्यासाठी सगळा खटाटोप तेच उघडं राहणार.

२० जूनपासून प्रोफाइल कम्प्लेन मोडवर ठेवलं. या मोडमध्ये काही अडत नाही, फक्त जे नियमात बसत नाही ते अलाउड म्हणून लॉगमध्ये नोंदलं जातं. एक अपवाद, डिनाय म्हणून लिहिलेला नियम कम्प्लेनमध्ये पण अडवतोच, आणि गुपचूप अडवतो, लॉगमध्ये काही येत नाही, ऑडिट डिनाय लिहिलं तरच येतं. आणि प्रोफाइल लागतं ते प्रोग्राम सुरू होताना. सिग्नलची खिडकी बंद केली तरी ते ट्रेमध्ये चालू राहू शकतं, जुनंच, मोकळंच. ट्रेमधून पूर्ण क्विट करून परत चालू करायचं आणि पीएस कमांडला मोठा झेड देऊन बघायचं की नावापुढे प्रोफाइल आलंय का.

पहिल्या दिवशी लॉग बघून कोणीही घाबरेल. प्रॉक, सिस, फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड, शेअर्ड मेमरी, ओळीच ओळी. लॉगवरून नियम बनवणारं एए-लॉगप्रॉफ एकेक ओळ दाखवून विचारतं, अलाउ, डिनाय, इग्नोर की ग्लोब, आणि तासाभराने बोट आपोआप अलाउवर जायला लागतं, तेव्हा उठून चहा प्यावा. बेस, फॉन्ट्स, नेमसर्व्हिस, ऑडिओ ही तयार नियमांची गाठोडी म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स घातली की गर्दी बरीच कमी होते. पण अ‍ॅब्स्ट्रॅक्शन घालायच्या आधी ती फाइल उघडून वाचा, साध्या टेक्स्ट फाइली आहेत. प्रायव्हेट-फाइल्स-स्ट्रिक्ट नावाचं एक मी घातलं, त्याने एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या, किल्ल्या, कीरिंगच्या फाइली वगैरे सरळ बंद होतात.

लॉगमध्ये काही ठिकाणी फाइलच्या नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं, ई-शून्य-ए-चार, ई-शून्य-ए-पाच असं लांबच लांब. ताईंचे फोल्डर सगळे मराठीत आहेत, "सभासद कागद", "विमा २०२४", आणि कर्नलचा ऑडिट लॉग इंग्रजीबाहेरचं अक्षर किंवा स्पेस आली की अख्खं नाव हेक्समध्ये लिहितो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये या दोनांपैकी एकाने सुरू होतं, त्यामुळे एकदा सवय झाली की लांबूनच ओळखू येतं की मराठी नावाचा फोल्डर आहे. एए-डीकोड नावाचा छोटा प्रोग्राम आहे, त्याला ती ओळ दिली की नाव परत मिळतं. इंग्रजीत लिहिलेल्या गाइडांमध्ये हे क्वचितच असतं कारण त्यांना गरजच पडत नाही.

तसंच आयबस, म्हणजे मराठी टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम. डॉट-कॅशच्या आत आयबसच्या सॉकेटला अ‍ॅप सारखं जोडू बघत होतं. ताई फोनेटिकने मराठी टाइप करतात आणि ते टायपिंग याच वाटेने अ‍ॅपमध्ये येतं, हे बंद झालं असतं तर अ‍ॅप छान चाललं असतं आणि मराठी अक्षर एक उमटलं नसतं. आयबसचं अ‍ॅब्स्ट्रॅक्शन तयार आहे, ते घातलं.

इथपर्यंत फाइलींचं झालं आणि बरेच लोक इथेच थांबतात. पण डेस्कटॉपवर डी-बस असतो. नोटिफिकेशन दाखव, ट्रेमध्ये आयकॉन लाव, पासवर्ड दे, असे निरोप प्रोग्राम एकमेकांना त्याच्यावरून पाठवतात. आपल्याकडे एस्टीच्या कंडक्टरकडे पार्सल देतात तसंच, कोणाकडून कोणाला ते त्याला माहीत, आत काय आहे ते तो बघत नाही. आता समजा सिग्नलला सातबाऱ्याचा फोल्डर बंद केला पण सेशन बस, म्हणजे ताईंच्या लॉगिनपुरता असलेला डी-बस, पूर्ण मोकळी ठेवली. त्याच बसवर प्रोग्राम सुरू करून देणारं युजरचं सिस्टम-डी बसलेलं असतं, त्याला निरोप पाठवून बाहेरच्या बाहेर कुठलीही कमांड चालवून घेता येते, आणि ती कमांड आपल्या प्रोफाइलच्या बाहेर असते. म्हणजे फाइलींचे सगळे नियम कागदावर. त्यामुळे डीबस-सेशन हे अ‍ॅब्स्ट्रॅक्शन घालू नका, ते सगळं उघडतं, त्या फाइलीतच तसं लिहिलंय. डीबस-सेशन-स्ट्रिक्ट घाला, त्यात बसला जोडण्यापुरतंच आहे, आणि मग हवं ते एकेक लिहा.

हे नियम मी हाताने लिहिले, कारण सेशन बसच्या नोंदी ऑडिट लॉगमध्ये येत नव्हत्या, त्या साध्या जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नेहमीच्या लॉगमध्ये, डीबस-डीमनच्या नावाने येत होत्या आणि एए-लॉगप्रॉफला दिसत नव्हत्या. फाइलींचा लॉग स्वच्छ झाला म्हणजे काम संपलं असं वाटतं, जर्नल उघडून बघा. प्रत्येक नियमात बस कुठली, पाथ, इंटरफेस, मेंबर आणि समोरचा कोण एवढं लिहायचं. आमच्याकडे शेवटी एवढंच लागलं: नोटिफिकेशन पाठवणं, ट्रे आयकॉन, कॉम्प्युटर झोपायला चालला की लॉगिन सर्व्हिसकडून सिस्टम बसवर, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरच्या डी-बसवर, येणारा इशारा, आणि सीक्रेट सर्व्हिस म्हणजे कीरिंग.

कीरिंगचं मी आधी माझ्या लॅपटॉपवर मुद्दाम बंद करून बघितलं. सिग्नल उघडतच नाही, डेटाबेस एरर म्हणून चौकट येते आणि त्यात सगळा डेटा पुसून परत सुरू करायचं बटण असतं. ते दाबू नका, क्विट करा, नियम टाका, परत उघडा, सगळं जागेवर असतं. कॉम्प्युटर हे लिंक केलेलं डिव्हाइस आहे, फोनवरचं जात नाही, पण कॉम्प्युटरवरचा जुना पत्रव्यवहार जाईल. ताईंना हे एका कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवून दिलं.

आणि इथे एक पोकळी आहे ती लपवत नाही. अ‍ॅपआर्मर निरोपाचा पत्ता बघतं, मजकूर नाही. सीक्रेट सर्व्हिसला परवानगी दिली की सिग्नल त्याच कीरिंगमधले दुसरे उघडे पासवर्ड पण मागू शकतं. यावर मी एवढंच केलं की बँकेचे वगैरे पासवर्ड त्या कीरिंगमध्ये ठेवलेलेच नाहीत ना ते तपासलं. एक ईमेलचा होता, तो काढला.

फाइल पाठवायचं काय हा खरा वादाचा मुद्दा. अ‍ॅपला होममध्ये कुठेच परवानगी नाही तर पावतीची पीडीएफ पाठवणार कशी. म्हणून एक फोल्डर केला "पाठवा" नावाचा, नाव मुद्दाम इंग्रजी अक्षरात म्हणजे लॉगमध्ये वाचता येईल, आणि तेवढ्याच फोल्डरला ओनरच्या अटीसकट, म्हणजे फाइल ताईंच्याच मालकीची असली तरच, वाचा-लिहायची परवानगी. आलेली पीडीएफ उघडते ती एव्हिन्समध्ये, त्याला उबुंटूचं स्वतःचं प्रोफाइल आहे, म्हणून तिथे मोठा पी आणि एक्स वापरून त्याच्या प्रोफाइलमध्ये पाठवलं, सिग्नलच्या नाही. कॅमेरा बंद ठेवला, ऑफिसातून व्हिडिओ कॉल कोणी करत नाही. मायक्रोफोन चालू, कारण चेअरमन टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेजच पाठवायला सांगतात.

आषाढी ६ जुलैला होती, ताई दोन दिवस नव्हत्या, परत आल्यावर अजून थोडे दिवस कम्प्लेनवर ठेवलं आणि १४ जुलैला एन्फोर्स केलं, म्हणजे आता नियमाबाहेरचं खरंच अडणार. दुपारी लाइट गेली ती संध्याकाळी आली, त्यामुळे खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. सकाळीच एक सभासद पेन ड्राइव्ह घेऊन आले, झाडावरच्या करप्याचे फोटो होते, ते कृषीच्या माणसाला लगेच पाठवायचे होते. ताईंचा फोन, "अरे, ह्या पेन ड्राइव्हातला काय एक दिसना नाय." जूनमध्ये त्या पावसात कोणी पेन ड्राइव्ह घेऊन आलंच नव्हतं, त्यामुळे लॉगमध्ये ती ओळ कधी आलीच नाही. कम्प्लेन मोडला जे घडलं तेच कळतं. तुमच्याकडे वर्षातून एकदाच होणारं काही असेल, वार्षिक सभेच्या नोटिसा, विम्याच्या शेवटच्या तारखेची धावपळ, तर ते ताईंना किंवा जे कोणी बसतात त्यांना आधी विचारून घ्या, लॉगवर विसंबू नका.

पेन ड्राइव्हला परवानगी मी दिली नाही. फोटो आधी "पाठवा" मध्ये टाकायचे, मग पाठवायचे. ताई चार दिवस नाराज होत्या, ते मान्य आहे, त्यांचं एक काम वाढलं. पण बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आणि बाहेरून येणारे मेसेज यांची थेट गाठ नको, यावर सचिवकाका माझ्या बाजूने बोलले. नंतर मी डेस्कटॉपवर त्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवला आणि आठवड्याने जुनं आपोआप साफ होईल असं केलं, कारण नाहीतर सगळे सातबारे हळूहळू त्याच फोल्डरमध्ये जमा झाले असते आणि आपण परत तिथेच.

ओ फॉर्मला काय लिहायचं यावर एक संध्याकाळ गेली. मी लिहिलेलं तांत्रिक वाक्य सचिवकाकांनी खोडलं आणि लिहिलं, "संदेश प्रणालीस सभासदांच्या कागदपत्रांचे फोल्डर उघडता येणार नाही अशी तरतूद दि. १४/०७/२०२५ पासून करण्यात आली आहे, चाचणीची प्रत सोबत." चाचणीची प्रत म्हणजे सिग्नलमधून सातबाऱ्याचा फोल्डर उघडायचा प्रयत्न केल्यावर आलेली डिनाइडची ओळ, एए-डीकोडने मराठी नाव काढून, प्रिंट मारून, शिक्का मारून. प्रोफाइलची फाइल पण छापून ठरावाच्या फाइलला लावली, म्हणजे उद्या मी नसलो तर दुसऱ्या कोणाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म गेला, पोच मिळाली.

सिग्नलला अपडेट वरचेवर येतात, त्यामुळे ताईंना सांगून ठेवलंय की अपडेटनंतर काही वेगळं वागलं तर आधी मला फोन, आणि मी इथे बसून एसएसएचने जर्नल बघतो. आतापर्यंत एकदाच एक ओळ वाढवावी लागली. चेअरमनना आता हिशोबाच्या सॉफ्टवेअरला पण असंच काहीतरी करून हवंय, ते वाइनवर, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतं, त्याचं प्रोफाइल म्हणजे वेगळाच तमाशा आहे, मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की २७ तारखेला गणपती येतायत, ते गेल्यावर बघू.